न झालेलं लग्न

पुंजाजी गेला तेव्हा अंबूबाई मिरचीच्या शेडनेटमध्ये होती. सुलतानपूरच्या शिवारात आता बरेच जण कंपनीसाठी बियाणं पिकवतात. हिरव्या जाळीखाली बाया ओळीनं बसतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावतात. काम सकाळचंच, ऊन चढलं की फुलं ऐकत नाहीत. म्हणून पुंजाजीनं बाहेरून हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "आली, एवढी ओळ होऊ द्या." ओळ झाली, ती बाहेर आली, तर तो लिंबाखालच्या बाजेवर एका अंगावर कलंडलेला होता आणि त्याचा हात खाली लोंबत होता.

राजकुमारनं सगळं रीतसर केलं. दहावं झालं, तेरवीला गावजेवण झालं. अंबूबाई भिंतीला टेकून बसलेली होती, तिच्यापुढं पोरीनं, पूनमनं, दोनदा ताट आणून ठेवलं आणि दोनदा उचललं. पाहुणे पांगले तसा राजकुमार तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. चाळिशीचा गडी, कानाजवळचे केस पिकायला लागलेले. तो रांगत होता तेव्हापासून तिनं त्याला वाढवलेलं. गोवर निघाला तेव्हा आठवडाभर मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

"तलाठ्याकडं जाऊन आलो," तो म्हणाला. "सातबाऱ्यावर नावं चढतीन आता. माहं अन् मायचं."

अंबूबाईचा जीव थोडा भांड्यात पडला. नवरा गेला तरी पोरानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं नाही, असं तिला वाटलं. मग ती म्हणाली, "अन् पूनमचं?"

"पूनमचं लगन झालं ना," राजकुमार म्हणाला आणि उठून मंडपवाल्याकडं गेला.

पुढच्या सोमवारी दारात जीप उभी राहिली. आतून एक म्हातारी उतरली. हडकुळी, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. राजकुमारनं तिला हात धरून ओसरीवर आणलं आणि बाजेवर बसवलं. म्हातारीनं घराकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं आणि मग अंबूबाईकडं पाहून नजर खाली घातली. तेव्हा अंबूबाईला उमगलं की सातबाऱ्यावर चढणार होतं ते नाव कोणत्या मायचं.

ती गोजरबाई. पुंजाजीची पहिली बायको, राजकुमारची जन्मदाती.

राजकुमार झाला तेव्हा गोजरबाईच्या डोक्यावर परिणाम झाला होता. लेकराला पाजायची नाही, रडायची, विहिरीकडं धावायची. सासरच्यांनी पोर ठेवून घेतलं आणि तिला नांदुऱ्याकडं माहेरी पोचतं केलं. वर्षभरात ती बरी झाली. पण तिला आणायला कोणी गेलं नाही, कारण तोवर या घरात अंबूबाई आली होती. अंबूबाईच्या मामाला सांगितलं होतं की पहिलीची सोडचिठ्ठी झाली. झाली म्हणजे चार माणसांनी बसून तोंडी केली. कोर्टाची पायरी कोणी चढलं नव्हतं. तिकडं भावांच्या घरी धुणीभांडी करत गोजरबाईचं आयुष्य गेलं, आणि इकडं अंबूबाईचं.

राजकुमारनं अंबूबाईला घराबाहेर काढलं नाही, निदान एकदम नाही. आधी तिची बाज मधल्या घरातून ओसरीवर आली. मग ओसरीवर खताची पोती लागली म्हणून गोठ्याशेजारच्या टिनाच्या खोलीत गेली. तिथं तिची ट्रंक, तिची चूल. सुनबाई सकाळी चहा आणून द्यायची, तेही बंद झालं. अंबूबाई शेडनेटमध्ये जातच राहिली. पण एके सकाळी तिच्या ओळीत दुसरीच बाई बसलेली होती, आणि राजकुमार म्हणाला, "तू आराम कर आता."

त्या दिवशी ती एसटीनं देऊळगाव राजाला गेली, पूनमकडं. पूनमचा नवरा राम, तो बालाजीच्या मंदिराच्या रस्त्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. घर बरं, सासू जरा तोंडाची कडक. पूनमनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोड माय. दादाले पाहिजे तं घेऊ दे. तू अठी माह्याजवळ राहा."

"मले नको," अंबूबाई म्हणाली. "मह्यासाठी नाई म्हनत मी. तू पुंजाजीची पोरगी हायस. तुहं नाव चढलंच पायजे."

"नाव चढून काय होते?"

"काय होते म्हनजे? बापाची हायस ना तू?"

पूनम दोन-तीनदा नाही म्हणाली. राम दोन्ही बाजूंनी मान हलवत राहिला. शेवटी आईचं मन मोडवेना म्हणून पूनम तयार झाली आणि पुढं तिनं वकीलपत्रावर सही केली. अंबूबाईच्या मनात पुढं हे कितीदा तरी आलं, की त्या दिवशी पूनमच्या हातात पेन आपणच दिला.

मेहकरच्या वंदना वकील समजावून सांगणाऱ्या होत्या. त्यांनी अंबूबाईला समोर बसवून चहा मागवला.

"बाई, नीट ऐका. पहिली बायको जिवंत आहे, कायदेशीर काडीमोड झालेला नाही. म्हणजे तुमचं लग्न झालेलं असलं, तरी कायद्याच्या लेखी ते लग्न नाही. तुम्हाला एक गुंठाही मिळणार नाही. पण पूनमला बापाच्या हिश्शातून वाटा मिळू शकतो. त्यासाठी आपल्याला दाखवावं लागेल की तुमचं लग्न लागलं होतं. विधी झाले होते."

अंबूबाईनं कप बाजूला सरकवला.

"म्हनजे लागलं होतं असं दाखवाचं. अन् दाखवलं तरी ते लगन नाई."

"हो."

"अन् नाई दाखवता आलं तं?"

"तर पूनमलाही काही नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून साक्षीदार पाहिजे. लग्नात कोण कोण होतं?"

लग्न लोणारकडच्या तिच्या गावात लागलं होतं, मारुतीच्या देवळासमोर, भर दुपारी. मांडव नव्हता, वाजंत्री नव्हती. मामा होता, तो गेला. भटजी गेले. सासू-सासरे गेले. फोटो काढायचा कोणाला सुचलंच नव्हतं. उरला होता एक माणूस, पुंजाजीचा चुलतभाऊ अर्जुनराव. त्यानं अंतरपाट धरला होता.

अंबूबाई त्याच्या घरी गेली. अर्जुनराव ऐंशीच्या घरातला, पण ताठ. त्यानं तिला बसायला पाट दिला आणि म्हणाला, "वहिनी, मी काय खोटं बोलीन का? ह्या हातानं धरला ना अंतरपाट. कोर्टात येतो मी, सांगतो." तेवढ्यानं तिला इतकं बरं वाटलं की परत येताना ती सबंध रस्ता पायीच आली.

दावा दाखल झाला आणि नोटीस राजकुमारच्या हातात पडली. तो टिनाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"मी तुले माय म्हनलो," तो म्हणाला. "अन् तू मले कोर्टात ओढतं?"

"तुले नाई ओढत बाबू. पूनमचं नाव पायजे फक्त."

"हे रान मी राबून उभं केलं. शेडनेटचं कर्ज माह्या नावानं. पूनम तिकडं पंख्याखाली बसून वाटा मागते. काऊन?"

"तुही बहीण हाय ते."

राजकुमारनं खोलीतल्या ट्रंकेकडं पाहिलं. "उद्या गाडी बोलावतो," तो म्हणाला. "तुले जिथं जायचं तिथं सामान सोडून देईन."

दुसऱ्या दिवशी तिचं सामान सुलतानपूरच्या बाजारपेठेमागच्या एका भाड्याच्या खोलीपुढं उतरलं. पूनमकडं ती गेली नाही. लेकीच्या सासूसमोर पोतं-पेटी घेऊन उभं राहायची तिला लाज वाटली. दुसऱ्यांच्या शेडनेटमध्ये ती मजुरीनं फुलांना पराग लावायला जायला लागली. हात तिचा चांगला होता, त्यामुळे काम मिळायचं.

तारखा पडत राहिल्या. न्यायाधीश साहेब रजेवर, समोरचे वकील आजारी, कधी नुसतीच पुढची तारीख. दोन दिवाळ्या गेल्या. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर एका टोकाला अंबूबाई आणि पूनम बसायच्या, दुसऱ्या टोकाला राजकुमार आणि गोजरबाई. पहिल्या काही तारखांना अंबूबाईला सवयीनं वाटायचं की पोरानं सकाळी खाल्लं असेल का. मग तिनं तिकडं पाहणं सोडलं.

अर्जुनरावाची साक्ष होती त्या दिवशी तो आलाच नाही. त्याच्या सुनेनं फोनवर सांगितलं, डोळे दाखवायला संभाजीनगरला नेलं. पुढच्या तारखेला पाठ धरली. त्याच्यापुढच्या तारखेला वंदना वकील म्हणाल्या, "बाई, त्यांच्या वावराला पाणी कुठून जातं?" अंबूबाई म्हणाली, "आमच्याच विहिरीतून." विहीर आता राजकुमारच्या नावावर होती.

मग तिची स्वतःची साक्ष. राजकुमारचे वकील सभ्य माणूस, तिला आई म्हणून बोलायचे.

"आई, सप्तपदी झाली का?"

"झाली."

"अग्नीभोवती? किती पावलं चाललात?"

"डोळे खाली होते माहे. मामानं धरलं होतं मले."

"म्हणजे सांगता येत नाही. बरं, रेशन कार्डावर नवऱ्याचं नाव कोणाच्या सांगण्यावरून लागलं?"

"मीच सांगतलं. नवरा होते ते."

"आणि हा राजकुमार तुमचा कोण?"

अंबूबाईनं पहिल्यांदा त्या दिवशी त्याच्याकडं पाहिलं. तो मोबाइलच्या काळ्या काचेकडं पाहत होता.

"माहा पोरगा."

"पोटचा?"

"नाई."

"आणि पूनम?"

"पोटची."

"म्हणजे आई, तुम्ही ज्याला पोरगा म्हणता तो तुमचा नाही. ज्याला नवरा म्हणता त्याचं तरी काय धरायचं आम्ही?" वंदना वकील हरकत घ्यायला उठल्या. साहेबांनी प्रश्न गाळायला सांगितला. पण तो विचारून झाला होता. अंबूबाई कठड्याला धरून उतरली.

राजकुमारची साक्ष थोडक्यात झाली. "बाई आमच्याइथं कामाले होती," तो म्हणाला. "मी लहान होतो, घरात बाईमानूस पायजे म्हनून बाबांनी ठेवली होती. लगन झालं नाही." 'ठेवली होती' हे शब्द टंकलेखकानं टाइप केले तेव्हा पूनम उठून बाहेर गेली. अंबूबाई बसून राहिली. तिला वाटत होतं, हा मधेच कुठंतरी अडखळेल. तो अडखळला नाही.

शेवटी गोजरबाई. तिला कठड्यात उभं राहायला स्टूल द्यावं लागलं. वंदना वकिलांनी हलक्या आवाजात विचारलं, "आजी, तुम्ही माहेरी होतात तेव्हा पुंजाजींनी दुसरं लग्न केलं, हे तुम्हाला कळलं होतं ना?"

गोजरबाईचे ओठ हलले. समोर बाकावर राजकुमार बसला होता. ती त्याच्याकडं पाहत म्हणाली, "नाई. मले असं काही मालूम नाई."

"तुम्हाला कोणीच सांगितलं नाही? तुमचा नवरा, तुमचं लेकरू तिकडं. कोण सांभाळतंय, हे तुम्ही विचारलं नाही?"

"कामाची बाई हाय म्हने, असं आयकलं होतं."

एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

निकाल वंदना वकिलांनी मराठीत सांगितला. लग्नाचे विधी झाल्याचं सिद्ध झालं नाही. नुसत्या एकत्र राहण्यावरून, पहिली पत्नी हयात असताना, विवाह गृहीत धरता येत नाही. सबब वादी पूनम ही मयत पुंजाजीची वारस ठरत नाही. दावा खर्चासह फेटाळण्यात येत आहे.

"हा निकाल वरच्या कोर्टात टिकणार नाही," वंदना वकील म्हणाल्या. "अपील करू. मुदत आहे. पूनमची सही लागेल फक्त."

पूनम तिथं नव्हती. ती तारखेला आली नव्हती आणि फोन उचलत नव्हती. दुसऱ्या दिवशी अंबूबाई वकिलांनी दिलेले कागद पिशवीत घालून देऊळगाव राजाला गेली.

पूनम दारातच भेटली. ओटा धूत होती. आईला पाहून तिनं बादली बाजूला ठेवली, पण आत ये म्हणाली नाही. आत सासू टीव्ही लावून बसली होती, आणि टीव्हीचा आवाज कमी झाला.

"वकीलबाई म्हनते, वर जिंकू आपन," अंबूबाई म्हणाली. "एक सही फक्त."

"माय, तू जा."

"अवं पन..."

"आयकून घे." पूनमनं आवाज खाली आणला. "आधी मी पुंजाजीची पोरगी होती. शाळेत तेच नाव, लगनाच्या पत्रिकेत तेच. कोनी मले कधी विचारलं नाई तुहा बाप कोन म्हनून. आता कोर्टानं लिहून देल्लं. ह्यांच्या घरी सगळ्याइले मालूम झालं. काल सासूबाई शेजारनीले सांगत होत्या, सोयरीक करताना आमच्यापासून लपवलं म्हने. मी आत भाकरी थापून राह्यली होती."

"मी तुह्यासाठीच केलं, बाई."

"मालूम हाय मले." पूनमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याचीच अंबूबाईला जास्त भीती वाटली. "मी म्हनलं होतं सोड. वाटा नाई भेटला त्याचं मले काही नाई. पन जे मह्याजवळ होतं ना, तेही गेलं. आता पुन्हा सही केली तं पुन्हा तेच. पुन्हा ते वकील, पुन्हा ते शब्द. मले नाई होत. अन् काही दिवस तू अठी नको येऊ. मी फोन करीन."

अंबूबाईला म्हणायचं होतं की लग्न लागलं होतं. मारुतीच्या देवळासमोर लागलं होतं, ऊन इतकं होतं की पाय भाजत होते, पुंजाजीनं हळूच स्वतःचं उपरणं तिच्या पायाखाली सरकवलं होतं. पण हे उपरण्याचं तिनं कोर्टातही सांगितलं नव्हतं. तिथं कोणी विचारलं नाही. आणि आता सांगून पूनमच्या पदरात काय पडणार होतं? ती ओट्यावरून उतरली. मागं पूनमनं उरलेलं पाणी ओट्यावर ओतलं.

त्यानंतर पूनमचा फोन आला नाही. अंबूबाईनं दोनदा केला. पहिल्यांदा रामनं उचलला, म्हणाला, ती बिझी आहे. दुसऱ्यांदा कोणी उचलला नाही.

सुलतानपूरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी तिच्या खोलीच्या दारात गोजरबाई येऊन उभी राहिली. हातात तीच कापडी पिशवी, त्यात थोडा भाजीपाला. अंबूबाईनं तिला ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. गोजरबाई आपणच उंबऱ्यावर बसली. बाहेर टेम्पोवाला कांद्याचा भाव ओरडत होता.

"मी खोटं बोलली," गोजरबाई म्हणाली.

"मले मालूम हाय."

"तुह्या लगनाच्या दिवशीच मले खबर आली होती. भावजयीनं सांगतलं, हसून सांगतलं. मी त्या दिवशी जेवली नाई." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "खरं बोलली असती तं त्यानं मले परत भावाच्या घरी धाडलं असतं. भाऊ मेला. भाचे दारात उभं करत नाईत. मी कुठी जानार होती?"

अंबूबाईला राग यायला हवा होता. तो कुठं गेला हे तिलाच कळेना. एवढंच वाटलं की या बाईच्या पायातल्या चपला राजकुमारच्या जुन्या आहेत, आणि मोठ्या होतात.

"एक विचाराले आली," गोजरबाई म्हणाली. "तो माह्या हातचं जेवत नाई. ताट सारून देते. बायको करते ते दोन घास खाते अन् उठते. बोलत बी नाई माह्यासंगं. मी त्याची माय, पन मले काहीच ठावं नाई त्याचं. त्याले काय आवडते?"

अंबूबाईनं भिंतीकडं तोंड केलं. गोजरबाई वाट पाहत बसली. तिचा श्वास लागलेला ऐकू येत होता, बाजारातून चालत आली होती.

"पातोडी," अंबूबाई भिंतीकडं पाहतच म्हणाली. "बेसन घट्ट शिजवाचं. ताटाले तेल लावून गरम गरम थापाचं, मग वड्या पाडाच्या. रस्स्यात खोबरं भाजून घाल. तिखट बेतानं. त्याले लहानपनापासून ठसका लागते."

"खोबरं भाजून," गोजरबाई म्हणाली.

"अन् भाकर कडक पायजे. मऊ झाली तं हात लावत नाई."

"बरं."

गोजरबाई उठली. जाताना तिनं पिशवीतून मेथीची एक जुडी काढून उंबऱ्यावर ठेवली. अंबूबाईनं ती उचलली नाही. संध्याकाळी शेळी आली आणि खाऊन गेली.

अपिलाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. वंदना वकिलांचा फोन दोनदा वाजला. अंबूबाई चुलीपुढं बसली होती, फोन हाताशीच होता. तिनं तो वाजू दिला.